फवाऱ्याच्या छिद्रातले गणित



पावसाने चार दिवस उघडीप दिली की गावाकडच्या रस्त्यावरून जाताना एक दृश्य हमखास दिसते. कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतातून एक माणूस संथपणे चालला आहे. त्याच्या पाठीवर टाकी आहे, एका हाताने तो दांडा हापसतो आहे आणि दुसऱ्या हातातल्या नळीच्या टोकातून धुक्यासारखे तुषार पिकावर पडत आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा फवारणीचा पंप असेलच. शहरात राहणाऱ्यांनी निदान बसच्या खिडकीतून तो पाहिला असेल.

पंप विकत घेताना टाकी किती लिटरची, बॅटरीचा की पेट्रोलचा, किंमत काय, याची चौकशी सगळेच करतात. नळीच्या टोकाला बसवलेल्या छोट्याशा वस्तूकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहतो. ही वस्तू म्हणजे नोझल, म्हणजेच फवाऱ्याची तोटी. तिच्यातले छिद्र जेमतेम एक मिलिमीटरचे असते. एकरी किती औषध पडणार, ते पानावर बसणार की वाऱ्यावर उडून जाणार आणि त्यातले किती फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जाणार, हे बरेचसे त्या छिद्रावर ठरते. म्हणून पंपाची निवड आणि देखभाल दोन्ही नोझलपासून सुरू करावी, असे माझे मत आहे. ते का, हे आज पाहू.

औषध हा शब्द आपण सवयीने वापरतो, पण ते विष आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यामागे अनेक कारणे होती. निरनिराळ्या औषधांची मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नसणे ही त्यांपैकी काही. या सर्वांचा ऊहापोह येथे करता येणार नाही, पण त्यातला भौतिकशास्त्राच्या वाट्याला येणारा भाग आपल्याला नीट समजून घेता येईल.

छिद्र आणि दाब

प्रथम एक साधा प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला तळाजवळ खिळ्याने एक छिद्र पाडा. छिद्राच्या वर २० से.मी. पाणी राहील अशी बाटली भरा आणि ती पातळी टिकावी म्हणून वरून पाणी ओतत राहा. छिद्रातून निघालेल्या पाण्याने एक लहान पेला भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. आता पातळी ५ से.मी. ठेवून तोच पेला पुन्हा भरा. पाण्याची उंची चौथाई झाली, तेव्हा वेळही चौपट लागेल असे वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे दुप्पटच लागतो.

छिद्रातून निघणाऱ्या धारेचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हा नियम सतराव्या शतकात टोरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने सांगितला. पंपाला तो लावण्यासाठी सूत्र असे लिहू:

वेग = √(२ × दाब ÷ घनता)

पाठीवरच्या पंपात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ कि.ग्रॅ. दाब असतो असे समजा. म्हणजे ढोबळमानाने ३ लाख पास्कल. पाण्याची घनता १००० धरली तर वर्गमुळाखाली ६०० येतात आणि वेग सेकंदाला साडेचोवीस मीटर निघतो. हा ताशी ८८ कि.मी. झाला! महामार्गावरची मोटार ज्या वेगाने जाते, त्या वेगाने ते पाणी छिद्रातून बाहेर पडत असते. दांडा हापसणाऱ्याला याची कल्पनाही नसते.

एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून या वेगाने मिनिटाला सुमारे १.१५ लिटर पाणी बाहेर पडायला हवे. प्रत्यक्षात ०.८ लिटरच्या आसपास पडते असे समजू, कारण छिद्रातून निघताना धार आकसते आणि घर्षणातही काही ऊर्जा जाते.

आता वर्गमुळाचा हा नियम शेतात काय करतो ते पाहा. एखाद्याला वाटते, औषध कमी पडते आहे, जरा जोर वाढवू. प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट करावा लागेल, म्हणजे ३ चा १२. पाठीवरच्या पंपाला तो झेपणारच नाही. दाब दुप्पट केला, तरी प्रवाह फक्त ४१ टक्क्यांनी वाढतो. मग त्या वाढीव दाबातले बाकीचे बळ कुठे जाते? ते पाण्याचा अधिक बारीक भुगा करण्यात जाते, आणि धोका तिथेच सुरू होतो.

थेंब केवढा असावा?

नोझल उघडून पाहिले तर आत तिरक्या खाचांची एक छोटी चकती दिसते. तिच्यामुळे पाणी गरगरत छिद्राबाहेर येते आणि शंकूसारखे फाकते. त्याचा पातळ पडदा होतो, पडदा फाटून धागे होतात आणि पृष्ठताणामुळे धाग्यांचे थेंब होतात. हा शंकू आतून पोकळ असतो. कीटकनाशकासाठी आणि बुरशीनाशकासाठी सहसा असे नोझल वापरतात. तणनाशकासाठी मात्र पट्टीसारखा सपाट फवारा देणारे, मोठ्या थेंबांचे नोझल लागते. एकाच नोझलवर दोन्ही कामे उरकणारे पुष्कळ आहेत आणि नवीन पंपासोबत दोन-तीन नोझल्स येतात ती पिशवीतच पडून राहतात.

एक मिलिलिटर द्रावणाचे ४०० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर सुमारे ३० हजार थेंब होतील. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) व्यास निम्मा, म्हणजे २०० मायक्रॉन केला, तर २ लाख ३९ हजार होतील. आठपट! गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते हे तुम्ही शिकला आहातच. थेंब जितके जास्त तितकी पानावर ठिपक्यांची दाटी अधिक, म्हणून बारीक थेंब चांगले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्यही आहे. फार मोठा थेंब गुळगुळीत पानावरून उसळतो किंवा ओघळून मातीत जातो.

पण बारीक थेंबाला दुसरी खोड आहे. तो खाली पडायलाच तयार नसतो.

हवेतून पडणाऱ्या लहान गोलावर होणारा विरोध सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली सूत्रबद्ध केला. अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकन याने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा भार मोजला, तो याच नियमाच्या आधारे. त्याचे थेंबही अत्तराच्या फवाऱ्याने उडवलेले होते, म्हणजे एका अर्थी ती प्रयोगशाळेतली फवारणीच! पडू लागलेला थेंब थोड्याच वेळात स्थिर वेग गाठतो. ४०० मायक्रॉनच्या थेंबाचा हा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर असतो, १०० मायक्रॉनच्या थेंबाचा पाव मीटर आणि २० मायक्रॉनच्या थेंबाचा जेमतेम सव्वा सेंटिमीटर.

नोझल पिकाच्या वर अर्धा मीटर धरले आहे आणि वारा सेकंदाला २ मीटर आहे असे समजा. झाडाची पाने नुसती सळसळतील एवढाच हा वारा. थेंब खाली येईपर्यंत वारा त्याला किती दूर नेईल? ४०० मायक्रॉनचा थेंब फार तर ६०-६५ सेंटिमीटर सरकेल. १०० मायक्रॉनचा ४ मीटर जाईल, म्हणजे शेजारच्या चार ओळी ओलांडून. आणि २० मायक्रॉनचा थेंब? त्याला खाली यायला चाळीस सेकंद लागतील, तेवढ्यात तो ८० मीटर गेलेला असेल. वाटेत त्यातले पाणी सुकते, थेंब आणखी लहान होतो आणि आणखी तरंगतो. तो पिकाच्या उपयोगाचा नसतो. श्वासावाटे मात्र तो आत जाऊ शकतो.

आता खांद्याच्या वर वाढलेल्या कपाशीत शिरलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पिकावर फवारायचे तर नोझल डोक्याच्या उंचीला धरावे लागते. वरून येणारे थेंब त्याच्या तोंडावर आणि छातीवर पडतात. बारीक थेंब तर ओळींमधल्या कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात आणि माणूस त्या धुक्यातून पुढे चालतो. नोझल झिजून वेडेवाकडे फवारत असेल किंवा दाब गरजेपेक्षा अधिक असेल, तर हे धुके वाढणारच. तोंडाला बांधलेला साधा रुमाल एवढ्या बारीक थेंबांना अडवत नाही, उलट भिजला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो. म्हणून वारा असेल तेव्हा त्याच्या दिशेकडे तोंड करून कधीच चालायचे नाही. वारा एका बाजूने घ्यायचा आणि न फवारलेल्या भागात उभे राहून फवारायचे.

मापटे आणि घड्याळ

पंपातून एकरी किती पाणी पडते, हे पंपावर लिहिलेले नसते. ते चालणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असते. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला मोजून घ्यावे. लागते काय? नुसते पाणी, एक मापटे, मोजपट्टी आणि घड्याळ.

एका मिनिटात नोझलमधून ८०० मिलिलिटर पाणी निघाले असे समजू. आता पाणी भरलेला पंप पाठीवर घेऊन, नेहमीच्या चालीने, ५० मीटर चालायला किती वेळ लागतो ते पाहा. ७५ सेकंद लागले आणि फवाऱ्याचा पट्टा एक मीटर रुंद पडला, तर ५० चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले. एकर म्हणजे ढोबळमानाने ४००० चौरस मीटर. तेव्हा एकरी ८० लिटर, म्हणजे सोळा लिटरच्या टाकीने पाच पंप. औषध एकरी ४०० मिलिलिटर सांगितले असेल, तर एका पंपात ८० मिलिलिटर घालावे लागेल.

हाच माणूस सायंकाळी घाईने ५० मीटर एका मिनिटात चालला तर? एकरी ६४ लिटरच पाणी पडेल, चारच पंप लागतील, आणि पंपात औषध पूर्वीइतकेच घातले असेल तर ४०० ऐवजी ३२० मिलिलिटर जाईल. कीड मेली नाही, औषध बनावट होते, असे तो म्हणेल. क्वचित ते खरेही असेल, पण आधी घड्याळाची साक्ष काढायला हवी.

हा हिशेब पाठीवरच्या पंपापुरता नाही. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरला जोडलेले फवारे असतात. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या विस्तीर्ण कुरणांवर तण मारण्यासाठी चार जाड चाकांच्या मोटारसायकलीवर टाकी बसवतात आणि बॅटरीवरच्या छोट्या पंपाने फवारतात. तिथे हँडलाजवळचा खटका थोडा अधिक दाबला की वेग ताशी ८ चा १६ कि.मी. होतो आणि एकरी औषध निम्म्यावर येते. ते भरून काढायला दाब चौपट करावा लागेल, आणि मग थेंब बारीक होऊन शेजाऱ्याच्या रानात जातील. यावर उपाय दोनच आहेत: वेग कायम ठेवा, नाहीतर मोठ्या छिद्राचे नोझल लावा. शिवाय अशा गाडीवर अर्धी भरलेली टाकी उतारावर फार वाईट. पाणी एका बाजूला धावते, गुरुत्वमध्य सरकतो आणि गाडी कलंडू शकते.

मग पंप कोणता घ्यावा? नोझलमधून पाणी ढकलायला लागणारी शक्ती काढून पाहा. दाबाला दर सेकंदाच्या प्रवाहाने गुणायचे. ३ लाख पास्कल आणि मिनिटाला ०.८ लिटर यांचा गुणाकार येतो अवघा ४ वॉट. एवढी शक्ती हाताने हापसूनही मिळते. मोटारीमुळे माणसाचे श्रम वाचतात आणि दाब एकसारखा राहतो, हा तिचा खरा फायदा. पेट्रोलचे पॉवर पंप मिनिटाला कितीतरी जास्त पाणी फेकतात, म्हणून हातपंपाचे ‘पंपाला इतके’ हे माप त्यांना जसेच्या तसे लावता येत नाही. मी स्वतः दुकानात तीन प्रश्न विचारीन. भरलेला पंप पाठीवर घेतला तर किती जड होतो? (१६ लिटर पाण्याचेच १६ किलो झाले, पंपाचे वेगळे.) याची नोझल्स आणि वायसर आमच्या तालुक्याच्या गावी मिळतात का? आणि झाकण लावून उलटा केला तर गळतो का? हा तिसरा प्रश्न विनोदाचा नाही. विष अंगात जाण्याची मोठी वाट कातडीची आहे, आणि गळक्या झाकणातून ते थेट पाठीवर ओघळते.

न दिसणारी झीज

नोझलमधून पाण्याबरोबर माती आणि भुकटीचे कण वेगाने जात असतात. त्यांनी छिद्र हळूहळू घासले जाते. पितळेचे छिद्र लवकर झिजते. पोलाद आणि सिरॅमिक जास्त टिकतात. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे व्यास ५ टक्के वाढला की प्रवाह १० टक्के वाढतो. एक मिलिमीटरच्या छिद्रात ५ टक्के म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी! डोळ्याला ते कसे दिसणार? मापट्याला मात्र दिसते. नवीन नोझलचा मिनिटाचा आकडा टाकीवर रंगाने लिहून ठेवावा. पुढे तो १० टक्क्यांहून जास्त वाढला की नोझल टाकून द्यावे. पंपाच्या मानाने त्याची किंमत क्षुल्लक असते.

तुंबलेले नोझल तारेने किंवा टाचणीने कोरू नये, छिद्र वाकडे होते. तोंडाने फुंकणे तर प्राणावर बेतू शकते, आणि अनेक शेतांत मी ते पाहिले आहे. हातमोजे घालून, जुन्या दात घासायच्या ब्रशने, पाण्यात धरून साफ करावे. टाकीच्या तोंडाची गाळणी काढून फेकू नये. ती आहे म्हणून नोझल कमी तुंबते.

आता धुण्याविषयी. मी नववीत असतानाची गोष्ट आहे. आमच्या थोरल्या काकांनी, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कपाशी फवारायला शेजारच्या मळ्यातला पंप मागून आणला. त्या पंपाने आदल्या आठवड्यात उसात २,४-डी हे तणनाशक मारले होते. ‘विसळलाय की चांगला,’ असे अण्णा म्हणाले, आणि एकदा पाणी घालून त्यांनी तो खरोखरच विसळला होता. आठ-दहा दिवसांत कपाशीची पाने अरुंद, लांबट, बोटांसारखी झाली. कपाशीला या द्रव्याचा अंशही सोसत नाही. मला आठवते ते असे की पहिल्या पंपाच्या ओळी जवळजवळ गेल्या, दुसऱ्या पंपाच्या थोड्या आखडल्या आणि तिसऱ्यापासून पुढे पीक धड होते. अण्णा बांधावर बसून नुसते बघत राहिले. त्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचे तालुक्याला शिकायला जाणे लांबले.

त्या ओळींमधले गणित मला पुढे कॉलेजात उमगले. रिकाम्या केलेल्या पंपातही तळाशी, नळीत आणि दाबाच्या कोठीत थोडे द्रावण उरते. ते १०० मिलिलिटर धरू. धुवायला ६ लिटर पाणी आहे. सगळे एकदम ओतून, हलवून टाकून दिले, तर मागे उरलेल्या १०० मिलिलिटरात मूळ विषाचा एकसष्टावा भाग राहतो. तेच पाणी दोन-दोन लिटर असे तीनदा वापरले, तर दर वेळी एकविसावा भाग राहतो, आणि तीन वेळांनंतर २१ × २१ × २१, म्हणजे ९२६१ वा भाग. पाणी तेवढेच, पण फरक दीडशेपट! दर वेळी दांडा हापसून थोडे पाणी नळीतून आणि नोझलमधूनही काढायला हवे, नाहीतर हा हिशेब टाकीपुरताच खरा ठरेल. धुवण ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता फवारलेल्या त्याच रानात पसरून टाकावे. २,४-डी सारखी द्रव्ये रबराला आणि प्लॅस्टिकला चिकटून राहतात, तेव्हा तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवणे बरे.

धुतलेला पंप झाकण उघडे ठेवून, उलटा करून, सावलीत वाळवावा. झडपेचे आणि दांड्याजवळचे वायसर वर्षातून एकदा काढून पाहावेत. कडक झाले असतील तर बदलावेत.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात हे मोजमाप करायचे झाल्यास पंप कोरा, कधीही न वापरलेला असावा, आणि त्यात फक्त पाणी असावे. वापरलेल्या पंपाला विद्यार्थ्यांनी हात लावू नये, आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींनी शेतातही फवारणी करू नये. घरच्यांना हिशेब मात्र तुम्ही करून देऊ शकता. त्यासाठी एक उदाहरण देतो.

एका नोझलमधून नवीन असताना मिनिटाला ८०० मिलिलिटर पाणी पडत असे. आता ९२० पडते. चाल, पट्ट्याची रुंदी आणि दर पंपाला ८० मिलिलिटर औषध हे सर्व पूर्वीप्रमाणेच आहे. एकरी किती पंप लागतील? एकरी औषध किती मिलिलिटर जास्त जाईल? आणि छिद्राचा व्यास सुमारे किती टक्क्यांनी वाढला असेल?